यांजकडून

१० ऑगस्ट
बारामतीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, काकू, राग आला की बोलू नका, लिहून काढा. मी म्हटलं, अवो, माझी शाळा चौथीपातूर. लिहीपातूर राग विसरून जाईल. ते म्हणाले, तेच तर पाहिजे.
साखर कारखान्यानं दिलेली डायरी कोरीच पडली होती. रोज लिहायचं ठरवलं आहे. मी एकदा ठरवलं की ठरवलं.
पहिला राग राजेश्वरीचा. माझी धाकटी जाऊ. तिनं गेल्या साली नातीच्या शाळेला पाण्याचा कूलर दिला, वर भलंमोठं नाव. माझी संस्कृती पाचवीत आहे तिथं. घरी येऊन सांगते, आज्जी, आज धाकट्या आज्जीचं पाणी प्याले. पाणी कॅनॉलचं, आणि नाव हिचं!
मला नावाची हौस नाही. पण शाळेला काहीतरी द्यावं हे फार दिवसांपासून मनात आहे. कूलर आल्यापासून.

११ ऑगस्ट
शाळेत गेले. हेडसर म्हणजे दिग्विजय सर. सरळ विचारलं, कूलरपेक्षा मोठं काय येतं? ते म्हणाले, ताई, मोठ्या-लहानाचं नाही, मुलांना शिकायला उपयोग झाला पाहिजे. सगळं फिरून शेवटी म्हणाले प्रोजेक्टर. भिंतीवर पडदा, पडद्यावर धडा. मी विचारलं, पडदा केवढा? ते म्हणाले, भिंतभर. मग तोच, म्हटलं.

१३ ऑगस्ट
बारामतीहून सगळं आणलं. मशीन, पडदा, स्पीकर, वायरी. सगळं बसेल अशी पत्र्याची पेटी करून घेतली आणि निमगावात गेणबा पेंटरकडं नेली.
गेणबा म्हातारा शहाणा आहे, पण बोलतो फार. म्हणाला, वैनी, नावाच्या खाली यांजकडून घालतो. मी म्हटलं, कशाला? त्यानं नाव बारीक होतंय. तर मला भांड्यांवरून शिकवायला लागला. पातेल्यावर निसतं नाव असलं की पातेलं मालकाचं, कुणाच्या बी कार्याला गेलं तरी नावानं माघारी येतंय. आहेराच्या ताटावर यांजकडून असतंय, म्हणजे दिलं ते दिलं. निसतं नाव घातलं तर लोक म्हणत्याल, वैनींची पेटी शाळंत चुकून ऱ्हायली.
मी म्हटलं, गेणबा, तुमी मुकाट रंगवा.
झाकणभर अक्षरं झाली. सौ. द्वारकाबाई रामहरी शेंडे. लाल रंगात. रस्त्यावरून वाचता येतं, मी उभं राहून बघितलं.
आमचे हे म्हणाले, निवडणुकीला उभी ऱ्हातीस का काय?

१५ ऑगस्ट
नारळ फोडला. श्यामला मॅडमनी पाचवीच्या वर्गात पडदा लावला आणि हृदयाचा धडा दाखवला. रक्त आत येतंय, रक्त बाहेर जातंय. पोरांनी आ वासला. मीही वासला असेन. आपल्या आत एवढी गडबड चालते हे मला ठाऊक नव्हतं.
चित्राखाली अक्षरं येत होती. मॅडमनी रात्री घरी बसून ती टाइप केली होती. मी म्हटलं, एवढा आवाज असताना अक्षरं कशाला? त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीकडं बोट दाखवलं. उत्कर्षा. आमच्या शेडवर डाळिंब निवडायला येते त्या नकोशीची पोर. गरिबांच्या पंचवीस टक्के राखीव जागांत नंबर लागून या शाळेत आली. तिला ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, पण वर्गाच्या कालव्यात ते नुसतं घरघरतं. आजवर बाकावर गप बसून असायची.
ती पोर उठली आणि अक्षरं मोठ्यांदा वाचायला लागली. वाचून झालं की पुढची अक्षरं यायची वाट बघायची, परत वाचायची. बोबडं येतं, पण कळतं. मॅडमनी डोळे पुसले.
नकोशी दारात उभी होती. म्हणाली, काकी, हिला दिवाळीनंतर लांबच्या निवासी शाळंत धाडायचं चाललं हुतं. खुणंनं शिकवत्यात तितं. पर आता हिला हितं उमजाया लागलं तर कशाला धाडू? माझ्यापाशीच ऱ्हाईल.
मला बरं वाटलं. नावासाठी नाही. तसंच.
राजेश्वरी पेटीवरचं नाव वाचत होती. बराच वेळ.

३० ऑगस्ट
उद्या गौरी येणार. राजेश्वरीनं गौरीपुढं फिरते दिवे आणलेत म्हणे. आपल्याकडं काय? मागच्या साली होता तोच थर्माकोलचा डोंगर.
पेटी शाळेत नुसतीच पडून आहे. सणाची सुट्टी. वापरली नाही तर यंत्र खराब होतं, असं दुकानदारच म्हणाला होता. म्हणाला असेल. आमच्या ड्रायव्हर भिमाला जीप घेऊन पाठवलं. शिपायानं विचारलंसुद्धा नाही. वरचं नाव वाचलं आणि उचलू लागला.

१ सप्टेंबर
गौरींच्या मागं भिंतभर धबधबा सोडला. सगळी आळी बघायला लोटली. राजेश्वरी म्हणाली, अक्का, पदर भिजंल ओ गौरीचा. जळली.
परवा पेटी परत.

९ सप्टेंबर
त्या परवाला जीप गॅरेजला होती. मग विसर्जन. मग माझा गुडघा.
आज परत दिली. उत्कर्षा खिडकीतून बघत होती. पेटी दिसल्यावर टाळ्या वाजवल्या तिनं. मॅडम म्हणाल्या, बरं झालं ताई, आमचा धडा मध्येच राहिला होता. तक्रार नाही, काही नाही. एखादी भांडली असती तर मला बरं पडलं असतं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.
यापुढं पेटी शाळेतून हलणार नाही.

२५ सप्टेंबर
आळीच्या दांडियाला पेटी आणली. मी आणली नाही. मंडळाची पोरं परस्पर शाळेत गेली, म्हणाली द्वारकाकाकींची पेटी द्या, आणि शिपायानं दिली. यात माझा काय दोष? फक्त फोन आला तेव्हा न्या म्हटलं.

१ ऑक्टोबर
दांडियाची पोरं पेटी माघारी द्यायला आली ती शाळेत नाही, माझ्या दारात. नाव वाचून आणली म्हणाली. आता दारात आलेली लक्ष्मी लगेच बाहेर कशी काढायची, सण आहे.
नकोशी शेडवर म्हणाली, उत्कर्षा इचारतीया, पडदा कवा येणार? मी म्हटलं, डाळिंबाकडं बघ, डागी माल चांगल्यात चाललाय.
तिचा माल बरोबर होता. मी बघितलं नंतर.

१५ ऑक्टोबर
सहामाहीचे पेपर आले. संस्कृती म्हणाली, उत्कर्षानं विज्ञानाचा निम्मा पेपर कोरा दिला. जेवढं पडद्यावर झालं होतं तेवढं लिहिलं, पुढचं सोडलं. मॅडमनी विचारलं तर म्हणाली, अक्षरं आली नाहीत.
जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, बीपी का? मी म्हटलं, वांगं कडू लागलं. सुनेनं ऐकलं. आसावरी माझी सून, तोंडावर कधी बोलत नाही. आज म्हणाली, आई, वांगं तुम्हीच केलं होतं.
पेटी उद्या सकाळी परत. मी स्वतः नेणार.

१६ ऑक्टोबर
शाळेला दिवाळीची सुट्टी लागली! म्हणजे आता पेटी घरात असली काय नि शाळेत असली काय, कुणाचंच नुकसान नाही. फार हलकं वाटलं. चकल्या चांगल्या झाल्या.

१० नोव्हेंबर
शाळा उघडली. दिग्विजय सरांचा फोन. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन पाच डिसेंबरला इंदापुरात. उत्कर्षा हृदयावर बोलणार. मॅडमनी नवीन अक्षरं बसवलीत. परीक्षक विचारतील ते प्रश्नसुद्धा मॅडम तिथल्या तिथं टाइप करून पडद्यावर दाखवणार, म्हणजे पोरीला वाचून उत्तर देता येईल. ताई, पेटी तेवढी पाठवता का, सरावाला लागेल.
पाठवता का म्हणाले. मी दिलेली वस्तू, ते माझ्याकडं मागतात. मलाही ते वावगं वाटलं नाही, हे आता लिहिताना लक्षात आलं.
मी म्हटलं, सर, पंधरा दिवस द्या. माझा भाचा यशराज, त्याचं लग्न आहे. हळदीला पडदा कबूल केलाय. ते म्हणाले, बरं.
कुणी नाही म्हणतच नाही मला. सगळे बरं म्हणतात. बीपी वाढेल नाही तर काय.

२३ नोव्हेंबर
यशराजची हळद. पडद्यावर नवरानवरीचं आधीच काढलेलं शूटिंग. भाटघर का कुठल्यातरी धरणावर दोघं पळताहेत, कुणी पाठीमागं लागलेलं नसताना. लोकांनी फार वाखाणलं. बहीण म्हणाली, द्वारके, नाव काढलंस.
नाव तर पेटीवर होतंच.

२८ नोव्हेंबर
पेटी यशराजकडं. यशराज देवदर्शनाला गेलाय. आल्यावर लगेच शाळेत. मॅडमना निरोप पाठवला. त्या म्हणाल्या, आम्ही तोवर खडूनं करतो.
नकोशीनं स्वतःहून सांगितलं, पोर घरी भिताडावर कोळशानं हृदय काढतीया. खाली बोटानं अक्षरं गिरवती. मी तिला चहा पाजला. दुसरं काय करणार? दोनदा पाजला.

३ डिसेंबर, सकाळ
यशराज म्हणतो, पेटी माझ्याकडं कुठं मावशी, सासुरवाडीला वालचंदनगरला. पूजेला नेली त्यांनी. मला न विचारता! मग म्हणाला, मावशी, तुझ्यासमोरच तर ठरलं, तू म्हणालीस आपलीच हाय, न्या.
म्हणाले असेन. लग्नात माणूस काहीही म्हणतं.

४ डिसेंबर
भिमाला घेऊन वालचंदनगर. कंपनीच्या क्वार्टर. यशराजच्या आजेसासूबाई फारच गोड बाई. म्हणाल्या, तुमच्या पेटीनं आमच्या ओळीत बहार आणली बघा. खालच्या मजल्यावर बारसं झालं, वरच्या मजल्यावर मॅच झाली. सगळे तुमचं नाव घेतात. आता मांडववाल्यानं चुकून सामानात नेली, बारामतीला. पण काळजी नको, वर नाव आहे ना, येईल.
येईल! मी पाणीसुद्धा प्याले नाही. बारामतीत मांडववाल्याचं गोदाम बंद. पोरगं म्हणालं, शेठ उद्या सकाळी. भिमा म्हणाला, काकी, कुलूप तोडू का? त्याची चेष्टा होती. मी घटकाभर विचार केला.

५ डिसेंबर
गोदाम उघडलं. पेटी खुर्च्यांच्या थप्पीखाली. चेपलेली, पण नाव शाबूत. जीपमध्ये टाकली आणि इंदापूर. भिमाला म्हटलं, ब्रेकवरचा पाय काढ.
वेळेत पोचले. देवाची कृपा, म्हटलं, माझ्या हातून काही बिघडलं नाही. उत्कर्षाचा नंबर आलाच होता. निळी रिबन बांधून उभी होती, हातात मातीचं हृदय. मला बघून हसली. पेटी बघून जास्त हसली.
भिमानं पडदा सोडला. मधोमध हळदीचा पिवळा पंजा. हॉलमधली पोरं फिसकन हसली. मी म्हटलं, हसता काय, शुभ असतंय. मॅडमनी मशीन काढलं, पेटीत हात घातला, पेटी उपडी केली. वायर नाही. पेटीतून अक्षता पडल्या आणि बारशाच्या घुगऱ्या.
हॉलमध्ये ही गलबल. परीक्षकांनी विचारलं, बाळ, हृदयाला कप्पे किती? उत्कर्षा त्यांच्याकडं बघेना. पडद्याकडं बघत होती. पिवळ्या पंजाच्या खाली, जिथं अक्षरं येतात तिथं. त्यांनी परत विचारलं. ती वाट बघत उभी. हातातलं हृदय घट्ट धरलेलं, बोटं रुतली मातीत. परीक्षक हळू म्हणाले, घाबरलीय, आणि पुढच्या टेबलाकडं वळले.
मला ओरडायचं होतं. तिला येतंय सगळं, माझ्यामुळं झालंय. तोंड उघडलंसुद्धा. तोंडातून काय आलं? मी म्हटलं, शाळेनं वायर नीट ठेवली न्हाय.
श्यामला मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग परीक्षकांना म्हणाल्या, हो सर, आमच्याकडून राहिली.
 

७ डिसेंबर
लिहायचं नाही.

८ डिसेंबर
नकोशी म्हणाली, काकी, संक्रांत झाली की पोरीला निवासी शाळंत धाडती. पोर म्हणती मला बोलाया न्हाय येत, मी न्हाय जात शाळंत. कोपऱ्यात बसून असती. तिच्याबिगर घर कसं वाटंल ठावं न्हाय, पर तिचं वाटुळं कशाला?
मी म्हटलं, महिनाभर थांब. ती म्हणाली, तुमी कशाला जिवाला लावून घेता? तुमी तर पडदा दिला हुता.
डॉक्टरांना विचारलं पाहिजे, राग स्वतःचाच आला तर कुठं लिहायचा?

९ डिसेंबर
यशराजच्या घरी वायर सापडली. नवरीच्या बॅगेत, हेअर ड्रायरची समजून ठेवलेली. पडदा साबणानं धुतला, लिंबू लावलं, उन्हात टाकला. पंजा थोडा फिका झाला. गेला नाही.
पेटी घेऊन गेणबाकडं. म्हटलं, यांजकडून घाला. गेणबा म्हणाला, जागा कुठाय? म्या तवाच म्हटलं हुतं. मी म्हटलं, म्हणालात, कळलं, आता करा. तो म्हणाला, काहीतरी पुसावं लागंल. रामहरी पुसा, म्हटलं. हे शेजारीच उभे होते. म्हणाले, मला ठावंच हुतं, पहिला मीच जाणार.
रामहरी पुसलं. नाही मावलं. सौ. पुसलं. शेंडे पुसलं. गेणबा म्हणाला, वैनी, तुमी आधी अक्षरंच एवढी मोठी करून घेतली, त्या मापात यांजकडूनला अख्खी पेटी लागती. नाव ऱ्हाईल न्हाय तर यांजकडून.
मी बाकड्यावर बसले. त्यानं चहा मागवला. चहा संपला तरी तो ब्रश धरून थांबला होता.
सगळं पुसा, म्हटलं.
म्हणाला, मग नाव बाजूला बारीक घालू का? घाला म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. नकोशीचं बोलणं आठवलं, तुमी तर पडदा दिला हुता. राहू द्या, म्हटलं.
आता पेटीवर एवढंच आहे, लाल रंगात, झाकणभर: यांजकडून.
आसावरीनं वाचलं आणि म्हणाली, आई, हे असं अर्धंच? मी म्हटलं, तालुक्याला ठावं हाय कुणाकडून ते.

१० डिसेंबर
पेटी शाळेत पोचवली. मॅडमना इंदापूरचं काहीतरी बोलायचं होतं मला. वायर हातात दिली आणि म्हटलं, ही वायर. त्या म्हणाल्या, हो ताई.  तेवढ्यात तासाची घंटा झाली.

२० डिसेंबर
उत्कर्षा आली नाही शाळेत. संस्कृतीला रोज विचारते. संस्कृती म्हणते, आज्जी, तू मला विचारत नाहीस मी आले का शाळेत.

३ जानेवारी
मॅडम पेटी घेऊन नकोशीच्या घरी गेल्या. भिमाला मीच सोबत दिलं, पण जा असं मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं. कोळशाच्या हृदयावरच मशीनचं हृदय पाडलं म्हणे. भिमा सांगत होता, काकी, पोरगी आधी भिंतीकडं पाठ करून बसली. मग अक्षरं आली, मग वळली.
सोमवारपासून येणार आहे.

२६ जानेवारी, दुपार
झेंडावंदन झालं. शाळेनं देणगीदारांचा सत्कार ठेवला होता. मी नवी पैठणी नेसले. सत्कारासाठी नाही, ती घडीवर विरत चालली होती.
वस्तू स्टेजवर मांडल्या होत्या. कूलरला झेंडूची माळ. माझी पेटी कुठं ठेवली? कूलरच्या पायाशी. सूत्रसंचालन करणारा मास्तर नवीन. तो वरून खाली वाचत गेला. कूलरवरचं: सौ. राजेश्वरी शेंडे. खाली पेटीवरचं: यांजकडून. आणि माइकवर म्हणाला, पाण्याचा कूलर आणि प्रोजेक्टर, दोन्ही सौ. राजेश्वरीताई शेंडे यांजकडून, जोरदार टाळ्या.
राजेश्वरी उठली. माझ्याकडं बघितलं. परत बसायला लागली, तर लोकांनी पुढं ढकललं. शाल, नारळ, फोटो. दिग्विजय सर लगबगीनं माइककडं निघाले. मीही उठले. एक शब्द बोलायचा होता, माझा म्हणून. तेवढ्यात स्टेजवर मांडवाच्या अंधारात पडदा लागला.
हृदय आलं. त्याच्यावर तो पिवळा पंजा. उत्कर्षा पुढं आली आणि पंजावर स्वतःचा हात ठेवून बघितला, मापाला. मग मागं सरून वाचायला लागली. कप्पे चार. रक्त आत येतं. रक्त बाहेर जातं. मॅडमनी प्रश्न टाइप केला, तिनं वाचला आणि उत्तर दिलं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. नकोशी पोरांच्या मागं उभी होती, तोंडावर पदर.
मी सरांना हातानंच म्हटलं, बसा. आणि बसले.
नंतर राजेश्वरी शाल घेऊन आली. अक्का, मी सांगणार हुते, पर फोटो काढला वो. घ्या ही. मी म्हटलं, ठेव, थंडी हाय. बीपी वाढलं असणार. मोजलं नाही.
उत्कर्षा पेटीवर बोट ठेवून विचारत होती, यांज म्हणजे कोण? मी वाकून तिला दिसेल असं तोंड हलवून म्हटलं, कुणीबी. तिला पटलं नाही, पण गेली खेळायला.

२६ जानेवारी, संध्याकाळ
शिपायानं सांगितलं, परवा पलीकडच्या आळीतले लोक हळदीला पेटी मागायला आले होते. झाकण वाचलं, परत वाचलं, आणि कुणाला विचारायचं ते कळेना म्हणून माघारी गेले.
नाव नाही, म्हणून माझ्या दारात कुणी आणून देत नाही. शाळेतच आहे.